चार विटांचा चढ

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. इयत्ता नववी. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. ठिकाण, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा मांडव. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, ती शाळाच तसली, आणि स्वतःच्या शाळेकडे न बघता पान उलटतो.

मी पत्रकं लिहिते. एसटीच्या थांब्यासाठी, शाळेतल्या मुलींच्या संडासासाठी, प्रवरेच्या पुलावरच्या बंद दिव्यांसाठी. आमचं घर कोल्हारात, अगदी रस्त्याला लागून. दिवसभर ट्रक, उसाचे ट्रॅक्टर आणि शिर्डीला जाणाऱ्या गाड्या दारावरून जातात, त्यामुळे घरातले सगळेच आवाज चढवून बोलतात. माझा लिहितानाही उतरत नाही. पण हे पत्रक नाही. पत्रक मी लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते शेवटी येईलच.

हकीकत एका खेळण्याएवढ्या गाडीची आहे. हसायचं तर हसून घ्या. मीही आधी हसलेच होते.

पावसाळ्यात बहिणीच्या शाळेत प्रदर्शनातल्या गाडीच्या स्पर्धेच्या नियमांचा कागद आला. गाडी टाकाऊ वस्तूंची, घरी केलेली. विकतचं किट चालणार नाही. आठ फुटी सनमायकाची फळी, एका टोकाखाली चार विटा. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली पाठीवर घेऊन गाडीने स्वतःच्या जोरावर वरच्या लाल रेघेपर्यंत चढायचं. कलम सहा: प्रत्येक स्पर्धकास दोन संधी देण्यात येतील. हे कलम सहा ध्यानात असू द्या. कलम आठ: इयत्ता सहावी ते नववी. म्हणजे तिचं हे शेवटचं वर्ष.

आधीची दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या तक्त्यांवर नावं काढली होती. अक्षर चांगलं ना. आपल्याकडे मुलीचं अक्षर चांगलं असलं की तिला वस्तू करू देत नाहीत, वस्तूखालची पाटी रंगवायला बसवतात. या वर्षी ती वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पाटी दुसरं कुणी रंगवील. गाडी मी करणार." एका शाळेची एकच गाडी जाणार होती. वर्ग हसला. तिचे विज्ञानाचे सर तसे बरे आहेत. ते म्हणाले, "कर की. पन चढली पाहिजे हां. नुस्ती सजवून आनू नको."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच वाक्य. चढली पाहिजे.

शेजाऱ्यांच्या पोराला शिर्डीहून आणलेली बॅटरीची गाडी दोन दिवसांत मोडली होती, तिच्यातली मोटर आणि दातेरी चाकांची डबी शाबूत होती. ती मिळाली. खोबरेल तेलाच्या मोठ्या डब्यांची झाकणं म्हणजे चाकं. सायकलच्या तारा म्हणजे आस. आणि अंगासाठी माझ्याच एका मोर्चातला सनबोर्डाचा, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचा, फलक कापला. गाडी उलटी केली की पोटावर माझ्या हातची लाल अक्षरं दिसायची: 'मिळालाच पा'. पुढचं 'हिजे' कुठे कचऱ्यात गेलं देव जाणे.

सरावासाठी रस्त्यापलीकडच्या फर्निचरवाल्याने मोडक्या वॉर्डरोबचं सनमायका लावलेलं दार दिलं. आठ फूट नव्हतं, साडेसहा होतं. त्याखाली चार विटा ठेवल्या तर चढ जास्तच खडा झाला. मी म्हटलं, एक वीट काढू. बहीण म्हणाली, "राहू दे. इथं चढली तर तिथं चढंलच."

अंगणातल्या कोब्यावर गाडी झकास पळायची. दारावर ठेवली की जागच्या जागी. चाकं गरगर फिरतायत, मोटर घुंई करतेय आणि गाडी एक बोट पुढे नाही. उलट बाटलीच्या वजनाने हळूहळू मागेच यायची. बघताना माझंच डोकं फिरायचं.

"जोर कमी पडतोय," मी जाहीर केलं. "तिसरा सेल लाव."

तिसरा सेल लावला. चाकं दुप्पट वेगाने गरगरली. गाडी तिथेच.

हे सगळं समोरचे चाचा बघत होते. त्यांचं पंक्चरचं दुकान आमच्या दारासमोर, रस्त्याच्या त्या अंगाला. आयुष्य टायरांत गेलेलं. ते हात पुसत पुसत रस्ता ओलांडून आले.

"बेटा, चिखलात रुतलेला ड्रायव्हरबी असंच करतो," ते म्हणाले. "लई ताप आला की ॲक्सिलेटर दाबतो. मग गाडी अजून खाली."

"मग काय करू, चाचा?"

"चाकाला धरायला काय दिलंय तू? प्लास्टिक. ते काय धरनार? रबर दे त्याला."

त्यांनी सायकलची जुनी ट्यूब दिली. तिच्या रिंगा कापून बहिणीने झाकणांवर ताणून बसवल्या. ट्यूबची बाहेरची बाजू डागाळलेली, ठिगळं लावलेली. म्हणून तिने आतली स्वच्छ काळी बाजू वर घेतली, दिसायला छान म्हणून. फळीवर ठेवली. घसरली. आधीपेक्षा जास्त घसरली. तीन दिवस आम्ही चाकं, आस, मोटर सगळं खोललं आणि जोडलं. मी तर सनमायका बनवणाऱ्यालाच शिव्या घालून मोकळी झाले. चौथ्या दिवशी चाचांनी चाकावरून अंगठा फिरवला आणि तो पांढरा झालेला अंगठा आमच्या नाकासमोर धरला.

"पावडर हाय ही. ट्यूब आतनं चिकटू नाय म्हनून टाकत्यात. पावडर लावून घसरगुंडीवर बसवली व्हय तुमी गाडी?"

असा हसला तो माणूस, की दुकानातलं गिऱ्हाईक बघायला आलं.

रिंगा उलटवल्या, धुतल्या. गाडी फळीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली. मग बहिणीच्या डोक्यात आलं की ट्रॅक्टरच्या टायरला असतात तशा खाचा पाडू. दोन दिवस ब्लेडने रबर कोरत बसली, बोटं कापून घेतली. गाडी तिसऱ्या हिश्शावरून पाव हिश्शावर आली. पुन्हा चाचा.

"खाचा कशाला असत्यात? चिखल धरायला. धरायचा, मागं फेकायचा. तुझ्या फळीवर हाय का चिखल? गुळगुळीत फळीला गुळगुळीत रबर जास्ती टेकतं. जितकं टेकंल तितकं धरंल."

इथे मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. बहिणीच्या पुस्तकात घर्षणाचा धडा आहे. व्याख्या आहे, प्रकार आहेत, फायदे आहेत, तोटे आहेत. तिने तो पाठ केला होता, आणि परीक्षेत पूर्ण मार्क मिळवले होते. आणि या मुलीला ट्यूबच्या आत पावडर असते हे माहीत नव्हतं, खाच कशासाठी असते हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी तर पदवीधर. शाळेने आम्हाला घर्षणाचे तोटे लिहायला शिकवलं. ते मिळवायचं कसं, ते शिकवायला पंक्चरवाला लागला.

त्यानंतर वजनाचं दुखणं. बाटली गाडीच्या मधोमध होती आणि मोटर मागच्या चाकांना. बहिणीने बाटली मागे सरकवली, म्हणजे मागची चाकं फळीवर दाबली जातील. दाबली गेली, पकड आली, पण पुढची चाकंच उचलली आणि गाडी पाठीवर पडली. 'मिळालाच पा' आभाळाकडे.

आम्हा कोल्हारकरांना हे दृश्य नवं नाही. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चढाला लागतात, आणि पुढचं तोंड घोड्यासारखं वर होतं. मग कुणीतरी पुढच्या बंपरवर उभं राहतं. बहीण एक अख्खी दुपार रस्त्याकडेला दगडावर बसून ट्रॅक्टर बघत होती. आईने हाक मारली, "अगं, ऊस मोडून खायचाय का काय तुला?" घरी येऊन तिने सेलची डबी मागून काढून अगदी पुढच्या टोकाला बांधली. "बंपरवर मानूस बसवला," म्हणाली. गाडी निम्म्यावर गेली आणि पुढची चाकं टेकलेली राहिली.

निम्म्यावर. नोव्हेंबर सरत आला तरी निम्म्यावर. एक मागचं चाक धरायचं आणि दुसरं गरगरायचं, त्यामुळे गाडी तिरकी होऊन फळीवरून खाली. मी वैतागून म्हटलं, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच कलम आठ आठवलं. पुढचं वर्ष नव्हतंच.

मग तिने जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही आणि चाचांनीही सांगितलं नव्हतं. चारी चाकांखाली वहीच्या कागदाची एकेक पट्टी ठेवली आणि एकेक ओढून बघितली. तीन पट्ट्या ओढताना फाटल्या. मागच्या उजव्या चाकाखालची सुळकन निघून आली. म्हणजे ते चाक टेकतच नव्हतं. बाटलीच्या वजनाने माझा सनबोर्ड मध्ये पिळला जात होता. तिने पोटाखाली लाकडी फूटपट्टी चिकटवली. पुन्हा चार पट्ट्या. चारी फाटल्या.

गाडी चढली. लाल रेघ आम्ही आईच्या टिकल्यांनी केली होती. बाटली डुगडुगत, मोटर कण्हत, मुंगीच्या पावलांनी ती रेघेच्या पार गेली. बहीण ओरडलीबिरडली नाही. तिने गाडी खाली आणून पुन्हा लावली. पुन्हा चढली. तिसऱ्यांदा घसरली.

धूळ. आमच्या दारावरून ट्रक गेला की भाकरीवरसुद्धा धूळ बसते, फळीवर का नाही बसणार? तेव्हापासून तिने आईच्या जुन्या साडीचं एक फडकं जवळ ठेवलं. आधी ओल्या टोकाने चाकं पुसायची, मग फळी, मग कोरड्या टोकाने दोन्ही पुन्हा. मगच बटण. पुसलं की चढायची, दर वेळी. न पुसता कधीच नाही. आई म्हणायची, "एवढी तर देवाची तसबीर बी न्हाई पुसली कुनी ह्या घरात."

शनिवारी सकाळी आईने गाडीची पूजा केली. नव्या गाडीची करतात तशी. मी पत्रकांत काहीबाही लिहीत असते, पण आईच्या ताटाला मी कधी हात लावलेला नाही. आईने चिमटीत हळद घेतली आणि थांबली.

"चाकाला लावू का गं?"

"चाकाला नको, आई. घसरंल."

"मंग कुठं लावू?"

"बाटलीला लाव."

आईने बाटलीला हळदीकुंकवाची दोन बोटं लावली. लिंबू चाकाखाली न ठेवता नुसतं ओवाळून टाकलं. झाली पूजा. माझी आई चौथी शिकलेली आहे. हा तपशील उगाच दिलेला नाही.

प्रदर्शन नऊला सुरू व्हायचं होतं. प्रमुख पाहुणे आले अकरा वाजून वीस मिनिटांनी. तोवर पोरं खुर्च्यांवर पाठ आखडून बसलेली. चिठ्ठ्या काढल्या होत्या. बहिणीला पहिला नंबर आला होता. ती खूश होती, कारण फळी नवीकोरी, स्वच्छ असणार. पाहुणे येताच ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं की वेळेअभावी प्रत्येक स्पर्धकास एकच संधी मिळेल.

कलम सहा मेलं. मांडवात एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी तेव्हा फाटकाजवळ आल्यागेल्याला पुलाच्या दिव्यांची पत्रकं वाटत होते. ते वाक्य माझ्या कानावर पडलं आणि पुढे गेलं.

मी आत आले तेव्हा पाहुणे फळीची पूजा करत होते. फळीच्या खालच्या टोकाला, जिथून गाडी सुटायची बरोबर तिथे, मूठभर हळद, मूठभर कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या. नारळ विटेवर फोडला आणि पाणी फळीवर शिंपडलं. टाळ्या. फोटोवाला म्हणाला, "साहेब, पहिली गाडी सुटताना एक घेऊ." पाहुणे फळीशेजारी उकिडवे बसले. बहिणीला हाक मारली.

तिने गाडी आणली. चाकं पुसली. फळीकडे बघितलं. परीक्षकांना म्हणाली, "सर, फळी पुसून घेऊ का?"

"अगं बाळ, पाहुणे खोळंबलेत. सोड, सोड."

"सर, ओली आहे."

"शुभ असतं ते. सोड."

तिने सोडली. अकरा वाजून चाळीस मिनिटं. ओल्या हळदीत चाकं फिरली आणि काळं रबर क्षणात पिवळं झालं. गाडी दीड वीत गेली, तिरकी झाली, फोटोवाल्याच्या बुटावर पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. त्यांना वाटलं, झालं उद्घाटन.

पाहुणे उठून चहाला गेले. शिपाईमामांनी बादली आणली आणि फळी धुतली, पुसली, कोरडी केली. मग पुकारा झाला, "नंबर दोन."

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या नंबरानंतर पुसली. आधी नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला तीन महिने लागले.

बहीण रडली नाही. ती नियमांचा कागद घेऊन परीक्षकांकडे गेली. मी मागेच होते. तिने कलम सहावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, फळी ओली होती. मला एकदाच परत द्या. दोन मिनिटं लागतील." परीक्षकांनी घड्याळ बघितलं. कागद बघितला. तिच्या पिवळ्या चाकांकडे बघितलं. म्हणाले, "बरं. सगळ्यांच्या झाल्या की शेवटी घेऊ तुझी. पुसून ठेव चाकं."

तो माणूस हो म्हणाला होता.

मी तिसरा सेल लावला.

"शेवटी का?" मी मध्ये घुसले. "आत्ता का नाही? आणि विज्ञानाच्या मांडवात हे हळदकुंकू कशाला? कुणाच्या परवानगीने? नियम कुणी बदलला? लेखी दाखवा." सुरुवात अशी झाली आणि मग मी थांबलेच नाही. मला बोलता येतं. माणसं गोळा करता येतात. दोन मिनिटांत पन्नास माणसं गोळा झाली, मोबाईल वर झाले. परीक्षकांचा चेहरा बंद होत गेला.

"म्हणजे मॅडम, तुमचा पूजेला विरोध आहे तर," ते म्हणाले.

"माझा विरोध कशाला आहे ते मी सांगते," म्हणून मी अजून वीस मिनिटं घेतली.

कुणीतरी मागून ओरडलं, "हिच्या घरात नारळ फोडत न्हाईत का?" दुसरा म्हणाला, "पुढारी व्हायचंय तिला, बोलू द्या!" लोक हसले. फळीचं आणि चाकाचं नावच कुणी घेईना. बहिणीचे विज्ञानाचे सर हात जोडून माझ्याकडे आले. "ताई, बास करा. पोरीचं नुकसान होतंय." मी सरांनाही ऐकवलं. गर्दीच्या कडेला बहीण उभी होती. एका हातात गाडी, एका हातात फडकं. चाकं पुसून झाली होती.

गर्दी पांगली तेव्हा पलीकडे दुसऱ्या परीक्षकांनी सगळ्यांच्या फेऱ्या उरकल्या होत्या आणि टेबलांवर बक्षिसं मांडली जात होती. बहीण पुन्हा परीक्षकांसमोर गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. "आता निकाल तयार झालाय. आणि वाद घालणाऱ्यांना वेगळी वागणूक देता येत नाही."

ज्या मुलाची गाडी जिल्ह्याला गेली त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बहिणीचीही नाही. ती एवढंच म्हणाली, "त्याने चाकं रुंद केली होती. मला सुचलं नव्हतं."

येताना एसटीत ती खिडकीशी बसली. मी तक्रार कुठे करायची, कुणाला पत्र लिहायचं, सगळं सांगत होते.

"ताई," ती म्हणाली, "ते हो म्हणले होते."

"अगं, पण तत्त्वाचा प्रश्न..."

"मला फळी पाहिजे होती. पुसलेली. तू त्यांना भाषण दिलं."

पुलावरून एसटी गेली. बंद दिव्यांचे खांब एकेक करून मागे गेले.

त्याच दुपारी तिने वॉर्डरोबचं दार काढून चाचांच्या दुकानासमोर मांडलं. चार विटा. साडेसहा फूट, म्हणजे तिथल्यापेक्षा खडाच. गाडी फळी पुसून सोडली. चढली. मग आईकडून हळदीकुंकवाचा करंडा मागून घेतला, नारळ फोडायला लावला आणि तिथे पडलं होतं तसंच इथे टाकलं. सोडली. घसरली. पुसलं, चढली. टाकलं, घसरली. तीन वेळा तसं आणि तीन वेळा असं, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहीत गेली. चाचा कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "बेटा, तुझी गाडी पास हाय. फेल ती फळी." करंडा हातात घेऊन आईने एकच विचारलं.

"म्हंजी त्यांनी विचारलं न्हाई व्हय, कुठं लावू म्हनून?"

नाही, आई. त्यांनी विचारलं नाही. तू विचारलंस.

रविवारी मी पत्रक लिहिलं. दोन पानं भरून. अंधश्रद्धा, सरंजामी वृत्ती, खेड्यातल्या कष्टकऱ्यांच्या लेकीचा बळी, सगळं त्यात होतं. छापायच्या आधी बहिणीला वाचायला दिलं. तिने शाळेचं लाल पेन घेतलं. पहिल्या परिच्छेदावर फुली. दुसऱ्यावर फुली.

"यात मी बिचारी झाले. मी बिचारी नाही. माझी गाडी चढती."

पुढच्या पानावर फुली.

"यात हळदीला शिव्या आहेत. हळद आईने पण लावली होती."

मग शेवटची ओळ वाचून ती थांबली. "आणि तू काय केलं ते यात कुठंय?"

पत्रक छापलं नाही. तिने काय कापलं आणि काय विचारलं ते लक्षात ठेवून हे लिहिलं आहे, म्हणून यात मीही आहे. माझा राग मात्र जागेवर आहे, आणि तो कमी करायची माझी इच्छा नाही. पाहुणे उशिरा आले, वेळ मुलांचा कापला. दोन संधी लिहून एक दिली. ओली फळी फोटोसाठी तशीच ठेवली. पहिला नंबर आला म्हणून पोरीने भोगलं. हे चूक आहे आणि चूकच राहणार. तिला आता नववी परत मिळणार नाही. गाडी माळ्यावर आहे, चाकं अजून थोडी पिवळी.

पण तुमच्या शाळेत यंदा प्रदर्शन होणार आहे. तुम्ही शिक्षक असाल, परीक्षक असाल, शाळा समितीवर असाल, नाहीतर माझ्यासारखे तावातावाने बाजू घेणारे कुणी. मागणी तुमच्याकडे आहे. नारळ फोडा, हळद वाहा, फोटो काढा. आधी विचारा, कुठे लावू. मग पाहुण्यांना बाजूला उभं करा आणि पहिली गाडी सुटायच्या आधी फळी स्वतःच्या हाताने कोरडी पुसा. नियमात दोन संधी लिहिल्या असतील तर दोन द्या, वेळ कापायचाच तर भाषणांचा कापा. आणि कुणी मुलगी म्हणाली, "सर, ओली आहे," तर तिला शुभ-अशुभ सांगू नका, आणि तिच्या वतीने भाषणही ठोकू नका. तिच्या हातात फडकं द्या आणि ती "झालं" म्हणेपर्यंत थांबा.